स्फटिकगडच्या दासीची शोकसभा

आमचे घरमालक टीव्हीसमोर बसायचे ते शाळा तपासायला आलेल्या अधिकाऱ्यासारखे. पाठ ताठ, चष्मा नाकावर, मांडीवर पेपर उघडा. पेपर आपला नावाला. संध्याकाळी 'स्फटिकगड' मालिका लागली की त्यांच्या बायकोचे, आमच्या काकूंचे, लसूण सोलणारे हात थांबायचे आणि पेपरच्या आडून आवाज यायचा, "मी पाहून नाई राह्यलो. मी ऐकून राह्यलो." नुसतं ऐकणाऱ्या माणसाला भालदाराच्या मनगटावरचा घड्याळाचा पांढरा पट्टा कसा दिसायचा, ते मी कधी विचारलं नाही. भाडेकरू माणसाने काही गोष्टी विचारू नयेत.

सगळं मालेगाव त्यांना सर म्हणायचं. हे आमचं वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव, नाशिककडचं नव्हे; तिकडची कुरिअर आमच्याकडे येतात आणि आमची तिकडे जातात, ते सोडा. सरांनी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं. म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला शेपटासारखी जोडलेली ती शेवटची पानं. पोरं तो भाग परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. सरांच्या स्वभावाची कारणं लोक कुठेकुठे शोधायचे, मला ते एवढंच कारण पुरेसं वाटायचं.

मी तेव्हा वीज कंपनीच्या कचेरीत कंत्राटी कारकून होतो. कारंज्याहून आलेलो. सरांची मागची खोली भाड्याने आहे असं कळलं म्हणून गेलो आणि दारात उभ्याउभ्याच भाडं विचारलं.

"बसा," सर म्हणाले.

म्हटलं, घाईत आहे, कचेरीत जायचंय.

"बसा म्हन्तो ना. माह्या घरात कोनी उभ्यानं बोलत नाई."

बसलो. चहा झाला, माझ्या गावाची चौकशी झाली, संविधानाची उद्देशिका मला पाठ आहे की नाही याची तपासणी झाली. नव्हती पाठ. कचेरीत उशिरा पोचलो आणि साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. पुढे कळलं की हा नियम सगळ्यांना. दूधवाला, लाईनमन, पापड विकणाऱ्या बाया, सगळ्यांना खुर्ची. गॅसवाला मी भरलेली टाकी मांडीत धरून खुर्चीत बसलेला या डोळ्यांनी पाहिलाय. एका निवडणुकीत उमेदवार हात जोडून दारात आला, मागे त्याची फौज. सरांनी आख्ख्या फौजेला बसवायला गल्लीभरातून सतरंज्या मागवल्या. उमेदवाराची दुपार तिथेच गेली, बाकीच्या गल्ल्या राहून गेल्या आणि पुढे तो पडला. सरांनीच पाडला, असं त्याची माणसं अजून सांगतात.

"लोकायले बसवून बसवून ह्या मानसानं माहा चहाचा डबा खाली केला," काकू म्हणायच्या. पण चहा ठेवायच्या.

आता 'स्फटिकगड'बद्दल सांगतो, कारण नाहीतर पुढचं कळायचं नाही. काचेच्या डोंगरावर एक गड. तिथे एक महाराज, ते फक्त जिने उतरायचे. एक राणी, ती चांगली. दुसरी एक राणी, तिचं काजळ जास्त, म्हणजे वाईट. एक जादूगार धुरावर बसून उडायचा. आणि लहानपणी हरवलेली राजकन्या जंगलात एका मोळीविक्याच्या झोपडीत वाढलेली. जादूगार उडतो याचं सरांना काही नव्हतं.

"उडू द्या. पोट भरलेला मानूस उडते. पन मले हे सांगा, ह्या गडावर तूर कोन पेरते?"

काकू टीव्हीचा आवाज वाढवायच्या. शेजारच्या चाची यायच्या मालिका पाहायला, त्यांचं बसस्टँडजवळ बांगड्यांचं दुकान. त्यांच्या घरी टीव्हीवर पोरांचं क्रिकेट चालायचं. त्या म्हणायच्या, "सर, दिवसभर लोकायचे हात दाबूदाबू बांगड्या भरल्या. आता जराशी रानी पाहू द्या ना हो."

"पाहा ना. रानीच पाहा. पन एवढ्या मशाली जळून राह्यल्या, तेल कुठून येते? रोज एवढे लाडू वळते कोन? भांडे कोन घासते? गडावर मोरी दिसली का तुमाले कधी?"

एकदा त्यांनी गडाची सगळी आस्थापनाच लावून दाखवली. सेनापती क्लास वन. राजज्योतिषी क्लास टू, पण वरकमाई चांगली. भालदार-चोपदार क्लास फोर. "आन ह्या मांगं चवऱ्या घेऊन उभ्या पोरी, ह्या रोजंदारीवर. यायची हजेरी लागते का नाई तेबी सांगता येत नाई."

"आणि मी?" मी सहज विचारलं.

"तुमी कंत्राटी. चवरीच्या जरासे वर. ते बी ठेकेदाराची मर्जी असन तर."

मला राग आला. बोलणं खरं होतं म्हणून जास्तच आला. दोन दिवस मी मागच्या दाराने ये-जा केली.

पण माणूस बोलायचा ते एकदा ऐकलं की नंतर तेच दिसायला लागायचं. झोपडीतल्या गरिबांच्या कपड्यांना ठिगळं असायची, ती सगळी एकाच मशीनवर शिवलेली, एक खांद्यावर आणि एक गुडघ्यावर, लुगडं मात्र परीटघडीचं. राक्षस बोलायचे ते आमच्यासारखं, मले-तुले करत, आणि लोक हसायचे. राजघराण्यातली माणसं पुण्याच्या वसतिगृहात शिकून आल्यासारखी. राजकन्या झोपडीत वाढली तरी गोरीपान आणि शुद्ध. मोळीविक्याचं तिच्यावर काही म्हणता काही उतरलेलं नव्हतं. मग एक दिवस तिच्या खांद्यावर चांदणीची खूण सापडली आणि सगळा गड लोटांगण घालायला धावला.

सर म्हणाले, "आमच्या खानदानात सगळ्यायच्या आंगावर खुना हायेत. माह्या पाठीवर तर आख्ख्या जिल्ह्याचा नकाशा हाये. कोनी न्याले नाई आलं."

चाची तेव्हा हसता हसता ठसकल्या. काकूही हसल्या, पण पदर तोंडाला लावून, कारण हसलं तर सर जिंकतात.

या दोघांची एकच लेक, सुजाता. अमरावतीला कॉलेजात असताना नाटकात शिरली. आवाज खणखणीत, अभ्यासातही बरी. ती मुंबईला जाते म्हणाली तेव्हा नातेवाईकांनी तोंडं वाकडी केली, इंझोरीच्या आत्याने तर पोरगी हातची गेली म्हणून सांगून टाकलं. सरांनी एकट्याने तिची बाजू घेतली. बसस्टँडवर पेढे वाटले. पोरगी वकिलीण होईल, न्यायाधीश होईल, निदान टीव्हीवर तरी होईल, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात होतं. नंतर बरेच दिवस ती काहीच झाली नाही. तीन-चार पोरींबरोबर एका खोलीत राहायची, ऑडिशन द्यायची, घरी फोनवर सगळं छान आहे म्हणायची.

आणि एका संध्याकाळी, काकू नेहमीपेक्षा गप्प होत्या तेव्हाच मला शंका यायला हवी होती, पडद्यावर चांगली राणी झोपाळ्यावर बसलेली आणि तिच्या मागे ताट घेऊन उभी सुजाता. डोक्यावर पदर, नजर खाली.

सरांनी पेपर खाली घेतला. चष्मा पुसला. परत पाहिलं.

"ही..."

"व्हय," काकू म्हणाल्या. "काम भेटलं तिले. तुमाले सांगू नको म्हने."

सर उठले आणि आत गेले. त्या दिवसापासून त्यांनी लेकीशी बोलणं सोडलं. ती फोन करायची, काकू स्पीकरवर लावायच्या, सर शेजारीच बसलेले असायचे आणि भिंतीकडे पाहायचे. "बाबा, काम हाये हे. कामाची काय लाज?" असं ती एकदा रडवेल्या आवाजात म्हणाली. फोन ठेवल्यावर सर मला म्हणाले, जणू मीच ते विचारलं होतं, "कामाची लाज नाई मले. माह्या बापाची उभी जिंदगी पाटलाच्या ओट्याखाली उभं राहून गेली. वरतं बसलेला मानूस बोले आन ह्यानं खाली उभं राहून जी म्हनाचं. मी शिकलो तो बसाले शिकलो. पोरीले शिकवलं ते का कोनाच्या मांगं ताट धरून उभं राहाले? आन तेबी खोट्या रानीच्या?"

मला वाटलं, आता घरात ही मालिका बंद. कुठली बंद. सर रोज बसायचे. बोलायचे मात्र नाहीत. तूर नाही, तेल नाही, मोरी नाही. काकूंना ते बोलणं नकोसं व्हायचं तरी आता ती शांतता त्यांना खायला उठायची. सर पडद्यावर एकच गोष्ट शोधायचे. राणीचं डोकं मध्ये आलं की स्वतः खुर्चीत एका अंगाला झुकायचे, जसं काही तसं केल्याने मागचं दिसणार होतं. "ह्या बाईचं टकुरं हटवा कोनीतरी," एवढं एकदा पुटपुटले. सुजाताला त्या मालिकेत एक वाक्य नव्हतं. नावही नव्हतं. राणी तिला "कोण आहे रे तिकडे" म्हणायची, मग ती यायची.

मग तो विषाचा भाग आला. वाईट राणीने चांगल्या राणीच्या केशरी दुधात विष कालवलं. चांगली राणी पेला उचलते, एवढ्यात दासी म्हणते, छे, म्हणत काहीच नाही, नुसता पेला घेते आणि चाखून पाहते. आणि पडते. छान पडली हो पोरगी. कॅमेरा तिच्याकडे थांबेल असं वाटलं, पण तो गेला राणीच्या चेहऱ्यावर, डावीकडून, उजवीकडून, मग समोरून, मागे विजा. शेवटी राणी बोलली, "हा गालिचा आईसाहेबांची आठवण होती." दोन सेवकांनी ताट उचललं. मग दासीला उचललं. आधी ताट.

दुसऱ्या दिवशी गडावर राजकन्येची हळद होती. सर वाट पाहत बसले. "आज तरी कोनी नाव काढन," म्हणाले. कोणी काढलं नाही. तिसऱ्या दिवशी संगीताचा कार्यक्रम, सगळे नाचले. राणीमागे दुसरी पोरगी उभी होती, तेच ताट घेऊन.

"घरचं कुत्रं मेलं तरी मानूस दोन घास कमी खाते," सर म्हणाले आणि उठले. टेबलाच्या खणातला खडू घेतला, पायात चपला सरकवल्या आणि निघाले.

आमच्याकडे बसस्टँडच्या चौकात एक काळा फळा आहे. कोणी गेलं की त्यावर लिहितात, दुःखद निधन, नाव, गाव, अंत्ययात्रा किती वाजता. सकाळी चहाला निघालेला माणूस आधी फळा वाचतो, मग चहा पितो. सरांचं अक्षर सुंदर, म्हणून पुष्कळदा तो फळा तेच लिहायचे. त्या दिवशी त्यांनी 'दुःखद निधन' लिहिलं आणि अडले. शोकसभा घ्यायची तर नाव पाहिजे. बिननावाच्या माणसाची शोकसभा कशी घेणार? त्या बाईला तर लिहिणाऱ्यांनी नावच दिलेलं नव्हतं. मग सरांना माहीत होतं ते नाव त्यांनी लिहिलं. मोठ्या वळणदार अक्षरात लिहिलं सुजाता, आणि खाली जरा बारीक, 'दासी, मुक्काम स्फटिकगड. शोकसभा रविवारी संध्याकाळी, सरांच्या घरासमोर.' हात झटकले, घरी आले आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

लोक फळ्यावर मोठं अक्षर वाचतात. बारीक वाचायला थांबतं कोण.

रविवारी सकाळी मी दात घासत होतो तर चाची खिचडीचं पातेलं घेऊन अंगणात. डोळे सुजलेले. "आज तुमच्या घरी चूल नाही पेटनार म्हनून आनली," म्हणाल्या आणि काकूंच्या गळ्यात पडल्या. काकू म्हणाल्या, "अवो चाची, ते टीव्हीतलं हाये. तुमीच तं पाह्यलं माह्याजवळ बसून."

"टीव्हीतलं पाह्यलं मी. पन पोरगा म्हने फळ्यावर सुजाताचं नाव हाये. फळा कायले खोटं बोलन?"

काकू सरांकडे वळल्या. सर काही सांगणार तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. कामरगावचे चुलतभाऊ, त्यांच्या बायका, सून. पाठोपाठ इंझोरीची आत्या. आत्याचा आवाज आधी आला, मग आत्या आली. "काहून गेली व माह्या बाई, तुले मी मुंबईले जाऊ नको म्हनत होती व..." कोणा कंडक्टरने फळा वाचून बातमी गावोगाव पोचवली होती. जमलेल्यांत एक म्हातारा दुसऱ्याला विचारत होता, स्फटिकगड कुठं आलं. दुसरा म्हणाला, "सासर असन तिचं. मुंबईकडं."

सर सांगत होते, अवो ऐका, तसं नाई. पण रडणाऱ्या घरात बापाचं कोण ऐकतं? लोक त्यांनाच धरून खाली बसवत होते, पाणी पाजत होते. "मनावर परिनाम झाला," असं कोणीतरी माझ्या कानात म्हणालं.

काकू आत जाऊन सुजाताला फोन लावत होत्या. गडावरचं काम संपलं म्हणून ती घरीच यायला निघालेली होती, अकोल्यापर्यंत रेल्वेने, तिथून बसने. काकूंना हे ठाऊक होतं. पोरीच्या फोनची बॅटरी प्रवासात नेहमी उतरते हेही ठाऊक होतं. फोन बंद लागत होता. त्यांनी परत लावला. बाहेर आत्याने नवा सूर धरला आणि काकूंच्या हातातून फोन निसटून पडला. सगळं माहीत असूनही त्या जमिनीवरच बसल्या आणि परत तोच नंबर लावायला लागल्या. सरांनी ते पाहिलं. माणसाचा चेहरा असा एका क्षणात उतरतो हे मी आधी पाहिलं नव्हतं. जिवंत लेकीचं नाव आपण आपल्या हाताने मेलेल्यांच्या फळ्यावर लिहिलं, हे त्यांना तेव्हा उमगलं. 'अपशकुन' हा शब्द त्यांनी वर्गात कितीदा खोडून काढला असेल. तेच सर अनवाणी चौकाकडे पळत सुटले आणि त्यांच्या मागे मी.

वाटेत लोक हात जोडत होते. फळ्याला कोणीतरी झेंडूचा हार घातला होता. सरांनी हार काढला, डस्टर मिळेना म्हणून पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीने नाव पुसायला लागले. खडू ओला होऊन चिकटला होता, लवकर निघेना. ते घासत होते, पुटपुटत होते, आणि मागे स्टँडवर अकोल्याहून आलेली बस लागली.

"बाबा, काय पुसून राह्यले?"

सुजाता. खांद्यावर बॅग, केस विस्कटलेले, प्रवासाने आंबलेली. सरांनी तिच्याकडे पाहिलं. म्हणाले, "काई नाई. चुकलं होतं." आणि तिच्या खांद्यावरची बॅग आपल्या खांद्यावर घेतली. कित्येक महिन्यांनी बाप लेकीशी बोलला ते एवढंच.

घरी काय झालं ते मी सांगत बसत नाही. आत्याने पोरीला इतकं चाचपून चाचपून पाहिलं की पोरगी हसायला लागली, मग रडली. आत्याने सरांना त्यांच्या लहानपणापासूनच्या सगळ्या शिव्या दिल्या. खिचडी सगळ्यांनी खाल्ली. आणि मग कामरगावचे चुलतभाऊ म्हणाले, "आता एवढे आलोच हावो तं सभा होऊन जाऊ द्या."

झाली सभा. आमच्या गावात ठरलेली सभा रद्द होत नाही. संध्याकाळी गल्ली भरली. माईकवाला आला. तालुक्याचे एक पुढारी आले, त्यांना घाईत कोणीतरी नुसता निरोप दिला होता. ते सरळ माईकवर गेले आणि म्हणाले, दिवंगत दासीबाईंचे आणि माझे घरोब्याचे संबंध होते, त्यांच्या जाण्याने स्फटिकगड परिसराची कधीही न भरून निघणारी हानी झाली आहे, तिथला रस्ता मी याच वर्षी मंजूर करून घेतो. टाळ्या वाजवाव्या की नाही हे लोकांना कळेना. सुजाता पहिल्या रांगेत बसून ऐकत होती.

मग सर उठले. मला वाटलं आता तूर, तेल, मोरी सगळं निघणार. पण ते माईकजवळ गेले आणि त्यांनी माईक आपल्या उंचीला खाली ओढला.

"ह्या बाईनं रोज पानी आनलं," ते म्हणाले. "दूध आनलं. ताट धरलं. तिच्याशी कोनी एक शब्द बोललं नाई. रानी नाई बोलली, महाराज नाई बोलला. मी बी नाई बोललो. मले वाटे, ती उभी हाये मंजे ती लहान हाये. लहान मी होतो. बस एवढंच. आता दोन मिनिटं शांत बसा तिच्यासाठी."

सगळी गल्ली गप्प झाली. मी काकूंकडे पाहिलं, त्या पदराने डोळे पुसत होत्या आणि यावेळी पदर हसू लपवायला नव्हता.

गावातल्या एका न्यूज पोर्टलवाल्याने सभेची क्लिप टाकली. मालिकेतल्या दासीची वऱ्हाडात शोकसभा. लोक हसले, पाठवत सुटले, ती फिरत फिरत मुंबईला पोचली. पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही सगळे ओसरीवर होतो, चाचीही होत्या, तेव्हा सुजाताचा फोन वाजला. मालिकेच्या निर्मात्या मॅडम. सुजाताने स्पीकर लावला.

"अगं सुजाता, काय क्लिप आहे ती. चॅनल इतकं खूश आहे. आपण तुझी री-एन्ट्री करतोय. मोठा ट्रॅक. ऐक, तू विषानं मेलेलीच नाहीस. का? तर तू हरवलेली नागराजकन्या आहेस. राजरक्ताला विष चढत नाही. मस्त ना? कपडे, दागिने, डायलॉग, सगळं. पोस्टरवर येशील तू."

चाचींनी तोंडाला हात लावला. काकूंनी सुजाताचा दंड धरला. आणि आम्ही सगळ्यांनी हळूच सरांकडे पाहिलं. सर जमिनीकडे पाहत होते.

"मॅडम," सुजाता म्हणाली, "एक विचारू? ती दासीच राहिली आणि वाचली तर? म्हणजे विष चढलं, पण वैद्यबुवांनी तिला वाचवलं. असं?"

मॅडम हसल्या. "पण मग तिला वाचवायचं कशाला? लोकांना काहीतरी कारण द्यायला लागतं ना गं."

पोरीच्या हातात दुसरं काम नव्हतं हे त्या ओसरीवर प्रत्येकाला माहीत होतं. सर पुढे सरकले.

"हो म्हन, बाई," ते म्हणाले. "मले चालते. राजकन्या तं राजकन्या. तुह्यं बरं होऊन राह्यलं तं मी कायले आडवा येऊ? हो म्हनून टाक."

हे त्यांनी म्हटलेलं मी स्वतः ऐकलं, म्हणून सांगतो. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. सुजाता त्यांच्याकडे पाहत राहिली.

"मले नाई चालत, बाबा," ती म्हणाली. मग फोन तोंडाजवळ घेतला. "मॅडम, आता नाही जमणार. ती मेली. आमच्या गावात तिची शोकसभा झाली, इंझोरी-कामरगावहून माणसं येऊन रडून गेली. आमच्याकडे शोकसभा झालेला माणूस परत येत नाही."

मॅडम काहीतरी म्हणाल्या, विचार कर, उद्या सांग, असं काही. फोन बंद झाला. काकू उठून आत गेल्या, कशाला ते त्यांनाही माहीत नसावं. सर रडत होते, सगळ्यांसमोर, तोंड न झाकता.

थोड्या वेळाने चाचींनीच टीव्ही लावला, काहीतरी आवाज हवा म्हणून. राणी झोपाळ्यावर होती. मागे ती नवी पोरगी ताट घेऊन उभी.

"हे कोन हाये?" सरांनी विचारलं.

"वैशाली," सुजाता म्हणाली. "हिंगोलीची. गाते छान."

"आन तो भाला धरून?"

"तो रफिक. सकाळी रिक्षा चालवते, मंग इकडं येते."

"ती निळ्या लुगड्यातली?" चाची पुढे वाकल्या.

"ती मंगलताई. तिची पोरगी यंदा बारावीले हाये."

मशालवाले, चवरीवाल्या, दारावरचे दोघे, सुजाता एकेकाचं नाव सांगत गेली आणि सर प्रत्येक नाव एकदा स्वतःशी म्हणत गेले. राणी बराच वेळ काहीतरी बोलत होती. काय बोलली ते आमच्यापैकी कोणाला कळलं नाही.